बावीस गावांची नावं

‘बोला, कोणाच्या आईला समजलं?’

सोमवारच्या तासाला हजेरी घेण्याआधी मी हाच प्रश्न विचारत असे. त्या सोमवारीही विचारला आणि वर्गात खसखस पिकली.

‘सर, माझी आई ऐकता ऐकता झोपली,’ मागच्या बाकावरून झाडे म्हणाला.

‘मग तूही पेपर झोपेतच वाचला असशील. पुढे?’

‘माझी आई म्हणाली, सोळा वर्षं शिकून शेवटी पाणीच मोजता का रे तुम्ही?’ हा भोयर.

‘तुझ्या आईला पाचपैकी चार गुण. तुला दोन.’

हा काय प्रकार होता ते आधी सांगतो. मी विद्यापीठात इंग्रजीचा प्राध्यापक. पर्यावरणशास्त्र विभागाने मला आठवड्यातून दोन तासांसाठी उसना घेतला होता, एम.एस्सी.च्या मुलांना इंग्रजीतले शोधनिबंध वाचायला शिकवा म्हणून. मुलं हुशार होती, पण जवळजवळ सगळी खेड्यापाड्यांतली, बारावीपर्यंत पुस्तकापुरतं इंग्रजी पाहिलेली. आठ पानांचा पेपर हातात पडला की त्यांना दरदरून घाम फुटायचा. मग ती डिक्शनरी घेऊन बसायची, प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहायची, आणि सगळं पान भरलं तरी पेपरात काय म्हटलंय ते विचारलं की माना खाली. मी पहिल्याच दिवशी डिक्शनऱ्या जप्त केल्या आणि नियम घातला. पेपर वाचून झाला की रविवारी घरी जायचं आणि तो आईला सांगायचा, घरच्या बोलीत. आईने उलटून प्रश्न विचारला तर तू पेपर वाचलास. ती नुसती ‘हं, हं’ करत राहिली तर पुन्हा वाच. ज्यांना घरी जाणं जमत नसे त्यांनी मेसच्या मावशींना सांगावा. मावशी माझ्यावर जाम वैतागल्या होत्या, पण पद्धत लागू पडत होती. दुसऱ्या विभागांतले लोक येऊन ती विचारून जायचे आणि माझी छाती फुगायची.

‘सर, माझ्या आईला समजलं.’

सुनयना कुडमेते उभी राहिली होती. दुसऱ्या बाकावर बसणारी, कामापुरतं बोलणारी मुलगी. लांबच्या खेड्यातून आलेली, बापाविना वाढलेली, एवढंच मला तिच्याबद्दल माहीत होतं.

‘शाब्बास. काय म्हणाली?’

‘म्हणाली, हे तर आपलंच गाव आहे.’

पुन्हा हशा झाला. सुनयना हसली नाही.

पेपर पाण्याचाच होता. आमच्या भागातल्या बावीस गावांच्या हातपंपांचं पाणी तपासून लिहिलेला, एका परदेशी नियतकालिकात छापून आलेला. नमुने घेतले होते त्याला नऊ वर्षं झाली होती. खडकातून पाण्यात उतरणारं फ्लोराइड प्रमाणाबाहेर गेलं की मुलांचे दात पिवळे पडतात आणि पुढे हाडं वाकतात, हा त्याचा विषय. गावांची नावं त्यात नव्हती. एस-एक, एस-दोन असे बावीस क्रमांक होते. सगळ्यात वाईट पाणी एस-नऊचं.

‘कशावरून तुमचं गाव?’ मी विचारलं.

‘पेपरात लिहिलंय ना सर. एस-नऊचा पंप आश्रमशाळेच्या कुंपणाला लागून, उत्तरेला नाला, घरं सत्तेचाळीस. मी सांगत होते आणि आई एकेक खूण बोटांवर मोजत होती. ती म्हणते, बाटल्या घेऊन जीपमधून माणसं आली होती. शाळेतल्या पोरांना रांगेत बसवून दात बघितले, एकेकाला पेन्सिल दिली. मग तिनं विचारलं, त्याईनं आपल्याले सांगतलं काऊन नाई?’

शेवटचं वाक्य तिच्या तोंडून आईच्याच बोलीत निघालं. एरवी त्यावरून कोणीतरी चिडवलंच असतं. त्या दिवशी कोणी चिडवलं नाही.

‘आश्रमशाळा आणि नाला शंभर गावांत असतात,’ मी म्हणालो. ‘तासानंतर भेट.’

तास संपल्यावर ती टेबलाशी आली. वर्ग रिकामा होईपर्यंत थांबली.

‘सर, मला धाकटा भाऊ आहे. रोशन. बारा वर्षांचा. त्याचे पाय असे आहेत.’ तिने दोन्ही हात समोर धरून त्यांची कमान करून दाखवली. ‘कोणी म्हणालं पोलिओ. कोणी म्हणालं करणी. तालुक्याच्या डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं आणि सांगितलं, पोराला भरपूर पाणी पाजा. आई सकाळपासून त्याच्यामागे पेला घेऊन फिरते सर.’

‘आणि दात?’ मी विचारलं.

‘शाळेतल्या सगळ्याच पोरांचे पिवळे आहेत. आम्हाला वाटायचं, घासत नाहीत म्हणून.’ ती जरा थांबली. ‘रोशन जन्मला त्याच वर्षी पंप खोदला. दोनशे फुटांवर धो धो पाणी लागलं. सगळे म्हणाले, पोरगा चांगल्या पायगुणाचा. मी तेव्हापासून तालुक्याला वसतिगृहात, म्हणून ती जीप मी पाहिली नाही. पण तुम्ही सांगू शकाल सर. एस-नऊ कोणतं गाव?’

‘मला कसं माहीत असणार?’

‘यात तुमचं नाव आहे, म्हणून विचारलं.’

तिने शेवटचं पान उलटलं आणि बारीक टाइपातल्या ओळींवर बोट ठेवलं. नमुने गोळा करणाऱ्या दोघांचे आभार, जीप देणाऱ्या कार्यालयाचे आभार, आणि शेवटी, मजकुराची भाषा काळजीपूर्वक तपासल्याबद्दल प्रा. अरविंद हिवसे यांचे आभार.

प्रा. अरविंद हिवसे म्हणजे मी. आमच्याकडे तशी रीतच होती. विज्ञानाच्या लोकांनी पेपर लिहायचा आणि पाठवण्याआधी तो इंग्रजीच्या माणसाकडे ‘जरा नजरेखालून घालायला’ द्यायचा. मी लाल पेन घेऊन बसे. वीस-पंचवीस पेपर तरी असे माझ्या हातून गेले असतील. हा पेपर मी तीन वर्षं शिकवत होतो. इंग्रजी सोपं आणि स्वच्छ आहे म्हणून निवडला असं सगळ्यांना सांगत होतो. ते स्वच्छ इंग्रजी माझंच होतं. एखादा विद्यार्थी कधीतरी शेवटच्या ओळीपर्यंत पोचेल आणि डोळे विस्फारून म्हणेल, ‘सर, तुम्ही!’ अशी माझी पोरकट हौस होती. तीन वर्षांत एकही पोचला नव्हता.

‘म्हटलं, सरांना माहीत असेल,’ सुनयना म्हणाली. तिच्या आवाजात आरोप नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

एस-नऊ कोणतं गाव ते मला खरंच माहीत नव्हतं. पण दुसरं एक माहीत होतं, आणि ते मी तिला सांगितलं नाही. ‘चल,’ म्हणालो, ‘बेलसरे सरांकडे जाऊ. पेपर त्यांचा आहे.’

रसायनशास्त्राचे डॉ. बेलसरे तेव्हा निवृत्तीला टेकले होते. माणूस सरळ, कामाला वाघ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाटातून खाकी पुठ्ठ्याची एक वही काढली आणि बोट वरून खाली नेत नेत एका ओळीवर थांबवलं.

‘एस-नऊ. चिचझरी.’

सुनयनाने वाकून ती ओळ स्वतः वाचली. गाव तिचंच होतं.

‘सहा पूर्णांक दोन,’ बेलसरे वाचत राहिले. ‘दीडच्या वर जाऊ नये.’ मग त्यांनी चष्मा काढून ठेवला. ‘बेटा, ते पाणी आजपासून बंद कर. प्यायला नाही, स्वयंपाकालाही नाही. दुसरी विहीर आहे का?’

‘आहे सर. दीड-दोन किलोमीटरवर. पंप व्हायच्या आधी तिथूनच आणत होते.’

‘मग तिथूनच आणा.’

‘पण सर, नऊ वर्षांपूर्वी का नाही सांगितलं?’

बेलसऱ्यांनी उत्तर टाळलं नाही. ‘प्रयोगशाळेतून आकडे हाती यायला पाच महिने गेले. तोवर प्रकल्प संपला, जीप परत गेली. पेपर छापून आल्यावर मी त्याची प्रत पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात पाठवली. वाटलं, गावं कोणती ते विचारतील. कोणी विचारलं नाही. आणि मी पुढच्या कामाला लागलो.’

‘त्यात गावांची नावं असती तर विचारावंच लागलं नसतं.’

‘नसतं,’ बेलसरे म्हणाले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली.

तिने वहीतली ती ओळ स्वतःच्या हाताने उतरवून घेतली आणि दोनची गाडी गाठायला पळाली. ती गेल्यावर आम्हा दोघांनाही एकच गोष्ट आठवत होती.

बेलसऱ्यांनी मला दिलेल्या खर्ड्यात बावीसच्या बावीस गावांची नावं होती. तक्त्यात होती, मजकुरात होती, निष्कर्षात तर ओळीने सगळी होती. ते वाचताना एस.टी. स्टँडवरची घोषणा ऐकल्यासारखं वाटत होतं. मी लाल पेनाने त्या परिच्छेदाभोवती गोल काढला आणि समासात लिहिलं, नावांची गरज काय, क्रमांक द्या. बेलसरे तेव्हा थोडे अडखळले होते. म्हणाले, ‘अहो हिवसे, नावं असू द्यावीत का?’ मी हसून म्हणालो होतो, ‘परदेशातल्या वाचकाला बोरगाव काय नि पिंपळगाव काय! लेख सुटसुटीत दिसेल.’ लेख खरंच सुटसुटीत दिसला. संपादकांनी भाषेची स्तुती केली, ती चिठ्ठी बेलसऱ्यांनी मला मुद्दाम आणून दाखवली होती.

‘तुमच्या लाल पेनाचं मी तिला सांगितलं नाही,’ बेलसरे म्हणाले. ‘तुम्हीही सांगू नका. ऐकलं मी, म्हणजे चूक माझी.’

‘नावं असती तर?’

‘एखाद्या कारकुनाने वाचली असती, नाहीतर नसती. आता काय सांगावं?’ मग माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, ‘पोरगा तेव्हा किती वर्षांचा होता?’

‘तीन.’

‘मग झालं होतं हो जे व्हायचं ते. जन्मल्यापासून हेच पाणी. एवढं प्रमाण असलं की दोन-तीन वर्षांतच पाय वाकायला लागतात. आपली जीप गेली तेव्हाच त्याचे पाय गेलेले असणार. नावं छापली असती तरी हा पोरगा वाचला नसता. जिवाला लावून घेऊ नका.’

बुडत्याला काडीचा आधार. ते वाक्य मी घट्ट धरलं. रोज सकाळी दाढी करताना ते मनाशी म्हणून बघायचो, आणि दरवेळी ते जरासं जास्त खरं वाटायचं. जीप गेली तेव्हाच त्याचे पाय गेलेले होते. ते गेलेले असायलाच हवे होते.

गुरुवारी सुनयना परत आली. चेहरा उतरलेला.

‘गावात कोणी ऐकत नाही सर. सरपंच म्हणाले, गोड पाणी आहे, बारा वर्षं पितो आहोत, कालची पोर येऊन विष म्हणते. बायका म्हणतात, पुन्हा डोक्यावरून दोन किलोमीटर आणायचं का? आईनं तेवढं बंद केलं.’ मग म्हणाली, ‘तुम्ही चला सर. तुम्ही मराठीत सांगा. तुमचं ऐकतील.’

नाही म्हणायला तोंड नव्हतं. शनिवारी सकाळच्या गाडीने आम्ही निघालो. तीन तासांचा प्रवास, मग फाट्यापासून पायवाट. वाटेत ती मला पेपरातल्या एका तक्त्याबद्दल विचारत राहिली आणि मी समजावत राहिलो. शिकवत असताना माणसाला दुसरा विचार करावा लागत नाही.

आश्रमशाळेच्या पटांगणात लोक जमले होते. मागे तो पंप होता, कुंपणाला अगदी चिकटून, आणि दोन बाया तेव्हाही त्यावर हंडे भरत होत्या. मी पेपर हातात धरला पण उघडला नाही. सांगत गेलो. खडकात काय असतं, ते पाण्यात कसं उतरतं, चवीला का कळत नाही, उकळूनही का जात नाही. मध्येच एक म्हातारा उठला. ‘गुरुजी, मंग माही कंबर वाकत नाई, ते बी यानंच का जी?’ मी म्हणालो, बहुतेक यानेच. मग सरपंचांनी आपल्या नातवाला पुढे ओढलं आणि त्याचे ओठ बोटांनी वर करून मला दात दाखवले. दात पिवळे, मधोमध तपकिरी पट्टा. पंपावरच्या बायांनी हंडे तिथेच ओतून दिले.

गावाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे मला त्या एका घरात जायचं तेवढं उरेल. पाणी पिऊ नये या खुणेचा लाल रंग पंपाला लागायला चौदा महिने लागले. गाळणीचं यंत्र आलं, बिघडलं, पुन्हा आलं. सुनयना पहिल्या वर्गात एम.एस्सी. झाली आणि पाणी तपासण्याच्याच नोकरीला लागली. नमुन्याचा निकाल लागला की ती स्वतः त्या गावात जाऊन, चार लोक बोलावून, तो वाचून दाखवते असं ऐकतो. ऐकतो म्हणालो, कारण त्या शनिवारनंतर ती माझ्या तासाला बसली, विचारलं तर उत्तरं दिली, पण आपणहून माझ्याशी कधी बोलली नाही. या गोष्टीला आता वीस वर्षं झाली. रोशन गावातच मोबाइल दुरुस्त करतो. पाय आहेत तसेच आहेत.

सभा उठल्यावर सुनयना मला घरी घेऊन गेली. दोन खोल्यांचं मातीचं घर, अंगण शेणाने सारवलेलं. रोशनच बाज ओढत बाहेर आला. चालताना तो एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झुकत होता, बाज जड होती, पण बहिणीला त्याने हात लावू दिला नाही. ‘बसा सर,’ म्हणाला आणि स्वतः उंबऱ्यावर बसला, गुडघे दोन दिशांना. डोळे मोठे मिस्कील होते.

त्याची आई, जंगूबाई, पदर सावरत समोर बसली. आल्या माणसाला पाणी द्यायचं ते त्या दिवशी त्या घरात कोणी दिलं नाही, आणि त्याची तिला फार लाज वाटत होती. विहिरीचं पाणी यायचं होतं.

‘तुमचे लय उपकार झाले जी सर,’ ती म्हणाली. ‘तुमी पोरीले वाचाले शिकवलं, तिनं मले सांगतलं, म्हून समजलं. नाई तं मी पाजतच राह्यली असती. डाक्टर म्हने पाज, म्हून मी पाजे. तो नाई म्हने तरी पाजे.’

तिने माझे उपकार मानले नसते तर कदाचित मी गप्प बसून परतीची गाडी पकडली असती. मी काही फार मोठ्या मनाचा माणूस नाही. पण ते ऐकून माझ्याच्याने बसवेना.

‘बाई,’ मी म्हणालो, ‘बाटल्यावाले आले होते, त्यांनी जे लिहिलं त्यात तुमच्या गावाचं नाव होतं. चिचझरी असं स्पष्ट लिहिलेलं होतं. छापायच्या आधी ते माझ्याकडे आलं होतं. नाव मी काढायला लावलं.’

सुनयना दारात उभी होती. तिच्या हातात सूप होतं.

‘आमचं नाव व्हतं?’ जंगूबाईने विचारलं.

‘होतं.’

‘मंग काढलं काऊन जी?’

बत्तीस वर्षं मी शिकवलं. याहून सोपा प्रश्न मला कोणी विचारला नाही. इंग्रजीत मी त्याला चांगलं लांबलचक उत्तर देऊ शकलो असतो. पण आईला समजेल अशा मराठीत सांगायचं, हा माझाच नियम, आणि तसं सांगायचं म्हटलं तर एवढंच निघालं :

‘वाचायला बरं दिसत नव्हतं.’

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागाने नाही. आपण काही चुकीचं ऐकलं का, असं पाहत होती. मग तिने मान हलवली आणि जमिनीवरची एक काडी उचलून बाजूला टाकली. सुनयना सूप घेऊन आत गेली. आत पाखडण्याचा आवाज सुरू झाला, आणि तो बराच वेळ थांबला नाही.

मी तेव्हा उठायला हवं होतं. पण मला माझी काडी हवी होती. पाच दिवस जपलेलं ते वाक्य कोणीतरी मला खरं करून द्यायला हवं होतं, आणि ते करू शकणारी बाई समोर बसली होती. मी विचारलं, आणि विचारलं ते असं, की उत्तर ‘हो’च यावं.

‘ती जीप आली होती तेव्हाच रोशनचे पाय वाकलेले होते ना, बाई?’

‘तवा?’ जंगूबाईने मान वर केली. ‘नाई जी. तवा कुठचे. शाळंत जायच्या वक्ताले वाकले त्याचे पाय. तवा तं लय धावे हा. हाती लागत नव्हता.’

ती बोलत होती आणि तिचा चेहरा बदलत होता. आठवण चांगली होती, तिला हसू येत होतं.

‘ते लोक बाटल्या भरून निंगाले, तं हा त्या जीपीच्या मांगं धावत गेला. आंगात कुडतं नाई, काई नाई. मी इकून हाका मारतो, हा तिकून धावतो. आयकतच नाई. माणसं हासाले लागली. जीपीतल्या सायबानं बी हात हालवला. शेजारच्या सोनेरावनं जाऊन धरला त्याले, तं तुमाले सांगतो, उचलून आनता आनता सोनेराव थकला.’

उंबऱ्यावरून रोशन सरकत सरकत पुढे आला.

‘कोन, मी?’

‘तू नाई तं कोन?’

‘मी धावलो? जीपच्या मांगं?’

‘धुळीत दिसत बी नव्हता तू.’

‘किती दूर गेलतो?’

‘नाल्यापावतर.’

नाला तिथून दिसत होता. शाळा ओलांडून, पंप ओलांडून, मोहाची चार झाडं ओलांडून. मोठ्या माणसालाही चालत पाच-सात मिनिटं लागली असती. रोशनने कपाळावर आडवा हात धरून तिकडे पाहिलं, मग आपल्या आईकडे, मग माझ्याकडे. त्याचं सगळं तोंड हसत होतं. ही गोष्ट त्याला कोणी कधी सांगितलीच नव्हती.

‘नाल्यापावतर?’ त्याने पुन्हा विचारलं.

‘हो रे बाबू. नाल्यापावतर.’

‘माय,’ तो तिच्या मांडीला टेकून म्हणाला, ‘पुन्हा सांग न वं.’

आणि ती पहिल्यापासून सांगू लागली.